गाडीला फोकस लावायचेत? मग आधी रिले, फ्यूज आणि अर्थिंग समजून घ्या

आमच्याकडं ऊस चालू झाला की रात्रीचा रस्ताच बदलतो. माजलगाव, पाथरी, मानवत ह्या पट्ट्यात अंधार पडल्यावर एकदा निघून बघा, पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागं ना लाल लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि आपल्याला तो दिसतो तेव्हा ब्रेक मारायलाही जागा उरलेली नसते. नाहीतर एखादा रोही (नीलगाय) शेतातून थेट आडवा. म्हणून लोक फोकस, म्हणजे पुढं जादाचे लाइट, लावतात, ते समजण्यासारखं आहे. चुकतं ते वायरिंग.

माझंही चुकलंच होतं. पहिल्यांदा एका दुकानात लावून घेतले, पोरानं अर्ध्या तासात काम उरकलं, बॅटरीवरून बारीक वायर सरळ डॅशबोर्डच्या स्विचला, तिथून सरळ लाइटला, ५५ वॅटचे दोन हॅलोजन, रिले नाही फ्यूज नाही. तीन आठवडे लई भारी चाललं. मग एका रात्री पाथरीच्या अलीकडं जळका वास यायला लागला, मला वाटलं शेतात कुणीतरी पाचट पेटवलंय, काच वर केली तर वास आणखी वाढला. स्विचला बोट लावलं तर बटण मेणासारखं मऊ, बोटाला चिकटूनच वर आलं. गाडी कडेला घेऊन खालून वायर हिसकून तोडली तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. त्यानंतर स्वतः शिकलो आणि आता स्वतःच लावतो.

आधी थोडा हिशोब करा. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर येतात. ५५ चे दोन म्हणजे ११० वॅट, भागिले बॅटरीचे १२ व्होल्ट, म्हणजे नऊच्या थोडं वर. एवढा करंट डॅशबोर्डच्या छोट्या स्विचमधून रोज नेला तर तो कधीतरी वितळणारच. आणि वायर बारीक असली की लाइट पण मरतो. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या चार मीटर वायरीत नऊ अँपिअरला सव्वा व्होल्टच्या आसपास वायरीतच खपतो, आणि हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी पडलं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो. म्हणजे पैसे ५५ वॅटचे मोजले आणि उजेड मिळाला देवघरातल्या दिव्याएवढा. तीच वायर अडीच स्क्वेअर एमएमची घातली तर पाव व्होल्टच्या आसपासच जातो.

सामान काय लागतं तर १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनचा रिले, त्याचा होल्डर (होल्डर घ्याच, नुसत्या पिनांवर वायर खोचू नका), पाणी न जाणारा फ्यूज होल्डर, अडीच स्क्वेअर एमएमची ऑटोमोबाइल वायर, स्विचसाठी पाऊण-एक स्क्वेअर एमएमची, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), वायर घालायला काळा फ्लेक्झिबल पाईप आणि केबल टाय. घराच्या फिटिंगमधली उरलेली वायर बोनेटखाली घालू नका, तिचं प्लास्टिक इंजिनच्या गरमीसाठी आणि ऑईल-डिझेलसाठी केलेलं नसतं. फ्यूज ११० वॅटला १५ अँपिअर. एलईडी घेतले, समजा २० वॅटचे दोन, तर साडेतीन अँपिअरच्या आत काम होतं, मग साडेसातचा फ्यूज बास झाला. फ्यूज उडतोय म्हणून ३० चा टाकणारे लोक मी बघितलेत, अरे बाबा फ्यूज लाइट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, वायर पेलू शकते त्याच्यावरचा फ्यूज टाकला तर आधी वायर पेटंल आणि फ्यूज बघत बसंल.

रिलेचं गणित सोपं आहे. स्विच म्हणजे मुकादम, नुसती हाक मारतो, मोळी उचलतो तो रिले. त्याच्या चार पिनांवर आकडे असतात, ३०, ८५, ८६, ८७. ३० ला बॅटरीचा प्लस येतो फ्यूजमधून. ८७ वरून दोन्ही लाइटला प्लस जातो. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं, तिला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही म्हणून स्विचची वायर बारीक चालते. पाच पिनचा रिले हातात आला तर मधल्या ८७ए वर काही जोडू नका, ती पिन रिले बंद असताना चालू असते, एका मित्रानं तिथंच लाइट जोडले आणि स्विच बंद केला की फोकस चालू, सकाळी बॅटरी डाऊन.

आता हात घाला. पहिलं काम बॅटरीचा मायनस काढायचा, प्लस नाही, कारण प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती बघायची गरज नाही. लाइट बंपरवर किंवा मजबूत ब्रॅकेटवर बसवा पण रेडिएटरच्या तोंडावर नको, मे महिन्यात परभणीच्या उन्हात गाडीला आधीच दम लागतो, त्यात हवा अडवली तर काटा वर जायला वेळ लागत नाही. रिले बोनेटखाली बाजूच्या पत्र्यावर, इंजिनपासून लांब, पिना खाली करून लावा म्हणजे पाणी आत साचत नाही. फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे, तिथून पुढं वायर कुठं घासली तरी फ्यूज उडून विषय संपतो. लांब लावला तर मधली तेवढी वायर राम भरोसे.

स्विचची वायर केबिनमध्ये नेताना पत्र्याच्या भोकातून नुसती ओढू नका, तिथं आधीचा रबर ग्रोमेट (भोकात बसवलेली रबरी कडी) असतो त्याला बारीक छेद देऊन त्यातूनच घाला.

स्विचला करंट कुठून द्यायचा, इथं बहुतेक जण बॅटरीवरून देतात आणि इथंच माझं त्यांच्याशी भांडण आहे. तो हेडलाइटच्या अप्परच्या वायरीवरून घ्या. म्हणजे अप्पर मारला तरच फोकस लागणार, समोरून गाडी आली आणि डिप्पर दिला की आपोआप बंद, दुसरं बटण शोधायला नको. अप्परच्या वायरवरून स्विच, स्विचवरून ८६, आणि ८५ बॉडीला अर्थ (म्हणजे गाडीच्या पत्र्यावरून बॅटरीच्या मायनसला), झालं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे समोरच्याचे डोळे दिपतील असा लाइट चालत नाही हे तर आहेच, पण नियम सोडा, समोर मोटरसायकलवर बायको-लेकरं घेऊन जाणारा माणूस आंधळा झाला तर तो आपल्याच अंगावर येणार ना.

अप्परची वायर ओळखायला हेडलाइटचा होल्डर बल्बवरून काढा. मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या मीटरची) काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिननं एकेक टोक तपासा, अप्पर मारल्यावर ज्यावर १२ व्होल्ट येतात ती आपली. होल्डर बल्बवरच ठेवून मोजलं तर बल्बमधून फिरून आलेलं व्होल्टेज फसवतं. (मायनस काढलेला असतो तो ह्या तपासणीपुरता परत लावावा लागतो, विसरून मीटरला शिव्या देऊ नका.) काही गाड्यांत मात्र उलटं असतं, प्लस कायम कॉमन (अप्पर-डिप्पर दोन्हीच्या सामायिक) टोकावर आणि स्विच मायनस तोडतो-जोडतो. तिथं अप्परच्या वायरवर कितीही शोधा, १२ येणारच नाहीत. मग ८६ ला कॉमनचा प्लस द्या आणि ८५ स्विचमधून अप्परच्या वायरला जोडा. हे न कळल्यामुळं मी एकदा चांगला रिले खराब समजून फेकून दिलाय. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर सोलू नका, हेडलाइटच्या होल्डरमध्ये बसणारी तयार हार्नेस (वायरींचा जोडलेला संच) मिळते ती घ्या.

राहिला अर्थ. मानवतच्या एका म्हाताऱ्या वायरमननं मला एकच वाक्य शिकवलंय, "लाइट गेली म्हणताव, अर्थ बगितलाव का?" खरंच, मंद लाइट, लुकलुकणारा लाइट, एक चालू एक बंद, ह्यातलं निम्मं अर्थचं असतं. रंगावर थिंबल आवळून अर्थ मिळत नाही. पत्रा चमकेपर्यंत खरवडा, थिंबल दाताच्या वॉशरनं आवळा, वरून व्हॅसलीन फासा म्हणजे गंज धरत नाही. अर्थची वायर पण प्लसएवढीच जाड, करंट जातो तेवढाच परत येतो. जोड पक्कडीनं नीट दाबून वर स्लीव्ह, नुसत्या टेपचा चिकटा उन्हाळ्यात सुटतो आणि काळ्या मातीची धूळ त्यात जाऊन बसते.

शेवटी फोकस बांधणं. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर गाडी उभी करा, लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मारा आणि सगळ्यात उजळ ठिपका त्या रेघेच्या चार बोटं खाली, म्हणजे ८-१० सेंटीमीटर, आणा. हे रोजच्या लोडवर करा, मागं सोयाबीनची चार पोती टाकली की गाडीचं नाक वर होतं आणि फोकस झाडावरची वटवाघळं मोजायला लागतो. पहिल्या रात्री अर्धा तास चालवून बोनेट उघडा आणि फ्यूज होल्डर, रिले, अर्थचा नट ह्यांना हात लावून बघा. कोमट चालतं, चटका बसला तर तिथला जोड ढिला आहे, थिंबल कापून परत दाबा.