खोकडाच्या पोटातले जंत : माळावरून मायक्रोस्कोपखाली

कोल्हा निराळा आणि खोकड निराळं, आधी हे डोक्यात पक्कं करा. खोकड कोल्ह्यापेक्षा बरंच लहान असतं आणि त्याच्या शेपटीचं टोक काळं असतं. सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डीच्या माळावर दोन्ही फिरतात, शिवाय धनगरांची कुत्रीही असतात. तिघांची विष्ठा एकाच पायवाटेवर सापडते. म्हणून जंत तपासायला मी खोकडाच्या वापरातल्या बिळाजवळची विष्ठाच धरते. ती अंगठ्यापेक्षा बारीक असते, टोकाला निमुळती. थंडीत ती मोडली की आत बोरांच्या आठळ्या, भुंग्यांचे चकाकते पंख आणि उंदराचे केस दिसतात. शंका असेल तर घेऊच नका.

जनावरांच्या दवाखान्यात 27 वर्षं लॅबमध्ये काढली, आता या कामाला येणाऱ्या पोरांना शिकवते. त्यांना पहिलं सांगते की खोकडाला हात लावायचा नाही, बीळ उकरायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि अभयारण्यातून विष्ठा उचलायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते.

पहाटे जा, ताजी विष्ठाच घ्या. एप्रिलमध्ये एकदा मी दुपारची विष्ठा उचलली आणि बाटली दुसऱ्या दिवशी उघडली. काचेखाली अळ्या वळवळत होत्या. फुप्फुसातले जंत समजून मी तसं लिहूनही टाकलं. खरं तर आकडी जंतांची अंडी सोलापूरच्या उन्हात फुटली होती. तो अहवाल मला परत घ्यावा लागला. तेव्हापासून बर्फाचा डबा बरोबर असतोच.

हातमोजे आणि मास्क घाला, लाकडी चमच्यानं विष्ठा उचला, बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. वास घेऊन ओळखण्याची काहींना सवय असते, ती सोडा. पट्टकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांची, अंडी हाताला लागून तोंडात जातात. फॉर्मॅलिननं किंवा स्पिरिटनंही ती मरतील याचा भरवसा नाही.

तपासणीला खडे मीठ चालतं. पाणी गरम करून, तळाशी मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा, मग गार करून गाळा. दोन-तीन ग्रॅम विष्ठा त्यात कालवा, चहाच्या गाळणीतून गाळा, नळी काठोकाठ भरा, वर पाण्याचा फुगवटा यायला हवा. त्यावर कव्हरस्लिप (छोटी पातळ काच) टेकवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. अंडी हलकी, ती वर येऊन काचेला चिकटतात. ही काच उचलून काचपट्टीवर ठेवा आणि आधी 10 च्या, मग 40 च्या भिंगाखाली बघा.

गोल, गडद तपकिरी, जाड आणि खडबडीत कवचाचं अंडं टॉक्सोकारा या गोल जंताचं. लांबट, पातळ कवचाचं, आत पेशींचा झुबका दिसणारं आकडी जंताचं. लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच असलेलं चाबूककृमीचं. आणि लहान, तपकिरी, कवचावर आरे, आत सहा आकडे असलेलं दिसलं, तर ते पट्टकृमीचं. इथं थांबा. टीनिया आणि इकायनोकॉकस या दोन पट्टकृमींची अंडी नुसत्या नजरेनं वेगळी काढता येत नाहीत, त्याला डीएनए तपासणी लागते. तुम्ही फक्त ‘टीनिया गट’ एवढंच लिहा. उंदराच्या जंतांची अंडीही खोकडाच्या पोटातून तशीच बाहेर पडतात, ती खोकडाच्या नावावर लावू नका.

हा गट सापडला की मी धनगरांच्या वाड्यावर जाते. एका मामांनी विचारलं होतं, “ताई, कुत्र्याला थोडं काळीज टाकलं तर काय होतंय?” मेंढीच्या काळजावर, म्हणजे यकृतावर, पांढरट, पाण्यानं भरलेले फोड असतात, त्यांत इकायनोकॉकसची पिल्लं असतात. कुत्र्यानं किंवा खोकडानं ते खाल्लं की आतड्यात काही मिलिमीटरचे पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी गवतावर पडतात, तिथून पुन्हा मेंढीत. चुकून माणसाच्या पोटात गेली, तर त्याच्याही काळजात, फुप्फुसात तसेच फोड. खोकडाला आपण औषध देऊ शकत नाही. काळीज आणि फुप्फुस मात्र अर्धा तास उकळून मगच कुत्र्याला द्या, नाहीतर कुत्रं उकरणार नाही इतकं खोल पुरा.

कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, किलोला 5 मिलिग्रॅम, आणि अशा भागात दर सहा आठवड्यांनी. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा रोज गोळा करून जाळा.