किचनचा उजेड ओट्यावर पडला पाहिजे, पाठीवर नाही

संध्याकाळी अंधार पडल्यावर किचनमध्ये नेहमी जिथे भाजी चिरता तिथे उभे राहा, लाईट लावा आणि चॉपिंग बोर्डवर कोणाची सावली पडते ते बघा. बहुतेक घरांमध्ये स्वतःचीच पडते, कारण लाईट छताच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीवर आणि आपण तोंड करून उभे ओट्याकडे, मग कितीही पॉवरचा बल्ब लावा, उजेड पाठीवर आणि सुरी अंधारात. इंदूरला रामबाग, लोकमान्य नगरकडच्या जुन्या घरांतली लांबट, एका खिडकीची स्वयंपाकघरं असोत की बायपासकडच्या नव्या फ्लॅटमधलं मॉड्युलर किचन, दोन्हीकडे हाच प्रकार दिसतो, फक्त नव्या घरात तो पीओपीमध्ये बसवलेला असतो म्हणून चटकन लक्षात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी जागा ठरवा, वॉट आणि डिझाईन नंतर. लाईट तुमच्या चेहऱ्याच्या आणि समोरच्या भिंतीच्या मध्ये कुठेतरी आला पाहिजे. ओट्याच्या वर कपाटं असतील तर काम सोपं आहे, कपाटाच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये एलईडी स्ट्रिप लावायची, वर दुधी कव्हर. ही स्ट्रिप इलेक्ट्रिशियन बऱ्याचदा कपाटाच्या मागच्या कडेला टाईल्सला चिकटून लावून देतात, कारण वायर लपवायला बरं पडतं, पण मग टाईल्स छान उजळतात आणि तुम्ही काम करता तो ओट्याचा पुढचा भाग काळोखातच राहतो. पुढच्या कडेला लावून घ्या आणि समोरून आड म्हणून इंचभराची पट्टी खाली सोडा म्हणजे डायनिंगवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात जात नाही. आपल्याकडे ओटा काळ्या पॉलिश ग्रॅनाईटचा असतो ना, त्यात कव्हर नसलेल्या स्ट्रिपचे ठिपके आरशासारखे दिसतात आणि डोळे शिणतात, त्यामुळे दुधी कव्हरवर पैसे वाचवू नका.

वर कपाट नसेल, नुसती भांड्यांची फळी असेल तर त्या फळीखाली बारीक बॅटन, म्हणजे ट्यूबलाईटसारखा लांबट एलईडी, लावा. फळीही नसेल तर छतावरचा लाईट सरकवा, साधारण ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, म्हणजे भिंतीपासून दोनेक फुटांवर. ओटा २ फूट रुंद असतो, त्यामुळे तिथे लावलेला लाईट डोक्याच्या मागे न जाता थोडा पुढेच राहतो आणि सावली ओट्यावर न येता मागे जाते.

आता उजेड किती हवा. दुकानात सगळे वॉट विचारतात पण वॉट म्हणजे वीज किती खाणार, उजेड किती मिळणार ते ल्यूमेनमध्ये असतं आणि ते डब्यावर लिहिलेलं असतं. चांगला एलईडी एका वॉटला साधारण १०० ल्यूमेन देतो. आणि ओट्यावर प्रत्यक्ष किती पोचला ते लक्समध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्यूमेन. चिरायच्या जागी ३०० ते ५०० लक्स हवेत, बाकी किचनला १५० ते २०० पुरतात. समजा किचन ८ बाय १० फूट, म्हणजे साडेसात चौरस मीटरच्या जवळपास, २०० लक्सनं १५०० ल्यूमेन झाले, पण काही उजेड भिंती आणि कपाटं खातात म्हणून २००० ते २२०० धरा, म्हणजे एक २० वॉटचं एलईडी बॅटन झालं काम. कपाटं गडद लॅमिनेटची असतील तर थोडा जास्त, पांढरी असतील तर एवढाच. ओटा ८ फूट लांब असेल तर दीड चौरस मीटर, ४०० लक्सनं ६०० ल्यूमेन, कव्हरमध्ये जाणारे धरून १००० घ्या, म्हणजे मीटरला ५ वॉटची स्ट्रिप पुरे. बघा किती कमी लागतं, जागा बरोबर असली की. अँड्रॉइड फोनवर लक्स मोजायचं ॲप टाकून फोन ओट्यावर आडवा ठेवा आणि नेहमीसारखे समोर उभे राहून आकडा बघा, बाजूला सरकून नाही, तुमची सावली त्यात यायला पाहिजे. आकडा अगदी काटेकोर नसतो पण आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. घरात आई, सासूबाई, आजी स्वयंपाक करत असतील तर ५०० च्या बाजूला जा, वय वाढलं की डोळ्यांना खरंच जास्त उजेड लागतो, तांदळातला खडा आणि रव्यातली अळी त्यांना दिसायला हवी.

रंगाबद्दल मी थोडी हट्टी आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळसर. आपल्याकडे सवयीनं ६५०० केल्विनचा कूल डे लाईट उचलतात, निळसर पांढरा, त्यात अन्न फिकट दिसतं आणि पावसाळ्यात पाखरंही जास्त येतात. ३००० चा पिवळा छान वाटतो पण पोह्यात हळद जास्त झाली की कमी हे त्यात नीट कळत नाही. ४००० चा नॅचरल व्हाईट घ्या, ओट्यावर आणि छतावर दोन्हीकडे तोच, नाहीतर एका बाजूला पिवळं एका बाजूला निळं असं किचन होतं. अपवाद एकच, देवघर किचनमध्ये असेल तर तिथला छोटा दिवा २७०० चा ठेवा, त्याला वेगळं बटण.

आणि त्याहून महत्त्वाचा सीआरआय, जो फार कमी लोक विचारतात. लाईटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा, सूर्यप्रकाशाला १०० धरतात. साधे एलईडी बल्ब साधारण ८० चे असतात, ओट्यासाठी ९० च्या वरचा मागा. कांदा गुलाबी झाला की करपायला लागला, कोथिंबिरीतलं पिवळं पान, टोमॅटो कितपत पिकलाय, हे सगळं रंगावरच तर ओळखतो आपण, आणि स्वस्त एलईडीत नेमका लाल रंगच मरतो.

शेगडीच्या बरोबर वर स्ट्रिप नेऊ नका, उष्णतेनं एलईडी आणि ड्रायव्हर (स्ट्रिपला वीज पुरवणारा छोटा डबा) दोन्हीचं आयुष्य कमी होतं, तिथे चिमणीचे लाईट असतातच. ड्रायव्हर स्ट्रिपच्या वॉटपेक्षा किमान २० टक्के मोठा घ्या, म्हणजे १२ वॉटला १५ चा, आणि कपाटाच्या वर मोकळ्या हवेत ठेवा जिथे हात पोचेल, कारण बहुतेक वेळा आधी तोच जातो. सिंकजवळ आयपी ६५ ची, म्हणजे पाणी उडालं तरी न बिघडणारी, सिलिकॉनमध्ये बंद स्ट्रिप, बटण नळापासून लांब, आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्तानं बसवूनच घ्या, ओल्या हातांची जागा आहे ही. ओट्याचं आणि छताचं बटण वेगळं असू दे, आणि ओट्याचं इन्व्हर्टरवर, कारण लाईट गेल्यावर उकळतं तेल समोर असतं. जाळीदार शोभेचे शेड टाळा, फोडणीच्या वाफेनं त्यावर तेलाचा चिकट थर बसतो आणि उजेड हळूहळू कमी होत जातो. सपाट कव्हर असलं की महिन्यातून एकदा लाईट बंद करून ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. डायनिंगवर लटकता दिवा लावायचाच असेल तर टेबलापासून ३० इंचाच्या आसपास वर.

खरेदीला इंदूरच्या महाराणी रोडवर जाणार असाल तर घरून एक टोमॅटो आणि कोथिंबिरीची काडी घेऊन जा, दुकानदाराला दोन-तीन लाईट लावून दाखवायला सांगा आणि त्याखाली धरून बघा, फरक तिथेच दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून लाईटकडे बघा, लुकलुकताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर तो घेऊ नका, अशा लाईटनं डोकं दुखतं काहींचं. डब्यावर ल्यूमेन, केल्विन, सीआरआय तिन्ही छापलेले पाहिजेत आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क पाहिजे, नुसतं वॉट लिहिलेलं असेल तर परत ठेवा. आणि एक लाईट जास्तीचा त्याच लॉटमधला घेऊन ठेवा, दोन वर्षांनी उजेडाचा तोच रंग मिळेलच असं नाही.