आबांची १९६३ ची वाट: फोंडा ते आजरा, पुन्हा एकदा

मे १९६३ मध्ये आमचे आबा, आजी, बाबा आणि आत्या शेजाऱ्यांच्या ओपेल गाडीतून फोंड्याहून आजऱ्याला गेले होते. आजऱ्याला आमच्या कुळातली माणसं आहेत. पिढ्यांपूर्वी गोवा सोडून ती घाटावर गेली, पण कुलदैवत आमचंच, बांदोड्याचा नागेश. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, सीमा बंद झाली आणि आमचं जाणं-येणंही थांबलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात आबा निघाले.

गेल्या फेब्रुवारीत आत्याला शेजारी बसवून मी तीच वाट पुन्हा केली. तुमच्या घरातही अशा एखाद्या प्रवासाची गोष्ट सांगितली जात असेल, तर ती वाट कशी शोधायची ते सांगते.

सुरुवात माणसांपासून करा. त्या गाडीत बसलेलं कुणी हयात असेल तर आजच त्यांच्याकडे जा, नकाशा नंतर बघता येतो. ‘कुठल्या रस्त्याने गेलात?’ असं विचारू नका. मुलं रस्ता लक्षात ठेवत नाहीत. काय खाल्लं, कोण ओकलं, कुठे रडारड झाली, कुणाच्या मांडीवर बसायचं यावरून भांडण झालं, हे विचारा. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला सावंतवाडी आठवते ती लाकडी फळांमुळे, आणि घाट आठवतो तो तापलेल्या गाडीच्या वासामुळे. दोघं भावंडं असतील तर वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसली की मोठ्याचीच आठवण खरी ठरते आणि धाकटं गप्प होतं.

मग घरातले कागद काढा. आमच्याकडे आबांची खर्चाची वही निघाली. तिने मला दोन दिवस चक्रावून सोडलं, म्हणून हे नीट वाचा. पणजी ते म्हापसा ‘१३’ लिहिलं होतं, ते बरोबर. पण सावंतवाडी ते आंबोली ‘१९’? प्रत्यक्षात तीसच्या आसपास भरतं. आबांची चूक म्हणून मी तो आकडा खोडणारच होते, तेवढ्यात उलगडा झाला. पोर्तुगीज अमलात गोव्यातले रस्ते किलोमीटरने मोजलेले होते, आणि हद्दीलगतच्या बांद्यापलीकडे रस्त्याकडेला अजून मैलांचेच दगड उभे होते. आबा दगडावरचा आकडा तसाच उतरवत गेले. तेव्हा त्या काळची वही वाचताना हद्द ओलांडल्यावरच्या आकड्यांना १.६ ने गुणून बघा.

दुसरी अडचण पुलांची. वहीत एके ठिकाणी ‘शापोरा नदी, मोडका पूल’ एवढंच आहे. १९६१ मध्ये भारतीय फौजा आत येत असताना पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा आणि अस्नोड्याचे पूल उडवले होते. मांडवीवर तर तेव्हा पूलच नव्हता. तो १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. म्हणून प्रवासाच्या वर्षी कुठे पूल होता आणि कुठे नुसती तर, म्हणजे फेरीबोट, होती, हे आधी घरातल्या, गावातल्या जाणत्यांना विचारा. त्या वर्षीची वर्तमानपत्रं पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून चाळा. दैनिक गोमन्तक १९६२ पासूनचं आहे, त्यामुळे मुक्तीनंतरच्या काळासाठी ते फार कामाचं.

आता रस्ता. फोनमधल्या नकाशावर नुसतं ‘फोंडा ते आजरा’ टाकलंत तर तो तुम्हाला सोयीचा रस्ता देईल, आबांचा नाही. पहिल्या खेपेला मी तशीच निघाले आणि झाराप-पत्रादेवी बगलमार्गाने सावंतवाडी चुकवून बसले. आत्या काही बोलली नाही, नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. मी गाडी वळवून मागे आणली. म्हणून एकेक मुक्काम स्वतः भरा: पणजी, बेती, म्हापसा, कोलवाळ, पेडणे, बांदा, सावंतवाडी, दाणोली, आंबोली, आजरा. सगळं मिळून सुमारे दीडशे किलोमीटर.

पणजी-बेती फेरीबोट अजून चालते. घरातल्या थोरांना तीत पायी चढवा, सोबत कुणी एक जा आणि गाडी मांडवीच्या आताच्या पुलावरून पलीकडे न्या. बोटीत चढल्यावर आत्या म्हणाली, “गाडी तरीत चढवताना आई डोळे मिटून नागेशाचं नाव घेत होती.” इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. बोटीच्या कठड्याला हात टेकल्यावरच तिला ते आठवलं.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी गाडी लावून चितारआळीत चालत जा. लाकडी फळांची टोपली अजून मिळते. आत्याने एक सीताफळ उचललं, त्याच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवला, खाली ठेवलं आणि आंबा घेतला. “तेव्हा मला सीताफळ मिळालं होतं, आंबा दादाने पळवला,” म्हणाली. इथे घाई करू नका. आमचा दीड तास गेला आणि तो सार्थकी लागला.

दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीपाशी टेकून पुढे घाट चढा. पावसाळ्यात ही वाट धरू नका. आंबोलीत धुवांधार पाऊस पडतो, धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही आणि दरडींची भीती असते. ओपेल ज्या वळणावर तापली ते नेमकं वळण सापडणार नाही, आम्हालाही सापडलं नाही. पण एका ओहोळापाशी थांबून आत्याने बाटलीत पाणी भरून घेतलं. आबांनी तांब्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं तेव्हा वाफ केवढी उसळली, ते तिने दोन्ही हात वर करून दाखवलं. माथ्यावर हिरण्यकेशीचा उगम बघा. तीच नदी पुढे आजऱ्याला भेटते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात ती सोबतीला आहे असं वाटत राहतं.

नातेवाइकांचा पत्ता हरवला असेल तर कुलदैवताकडे जा. गोव्यातल्या देवस्थानांत महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या मानकरी कुळांची, यादी असते, आणि बाहेरगावची कुळं जत्रेला, अभिषेकाला येतात तेव्हा अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासात, उतरतात. आम्हाला आजऱ्याच्या घराचा फोन नंबर नागेशीच्या भटजींकडून मिळाला. फोनवर आधी आपलं नाव सांगू नका, देवाचं आणि गावाचं सांगा, मग आजोबांचं. माझं नाव ऐकून पलीकडे शांतता होती. “बांदोड्याच्या नागेशाकडच्या, फोंड्याहून ओपेल घेऊन आलेल्यांची नात,” म्हटल्यावर लगेच “अगो, कधी येतेस?” असा आवाज आला.

मोकळ्या हातांनी जाऊ नका. नागेशाचा प्रसाद, एक नारळ आणि ओटीचं सामान न्या. त्यावर गोव्याचं काहीतरी हवंच. आबांनी भाताच्या पेंढ्यात घालून मानकुराद नेले होते. फेब्रुवारीत आंबा कुठला, म्हणून आम्ही म्हापशाच्या बाजारातून खाजं आणि काजू घेतले. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला आधी नमस्कार करा.

तिथे पोचल्यावर लगेच फोटो काढत सुटू नका. आधी चहा होऊ द्या, नातं लागू द्या. आमच्या वेळी आजऱ्याच्या काकी आत्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तू ती, जिने आमच्या विहिरीत सीताफळ टाकलंस.” आत्याला ते अजिबात आठवत नव्हतं. ती उठून परसात विहीर बघायला गेली.

वंशावळ लिहायला मोठा कागद न्या, वहीचं पान पुरत नाही. एक प्रत त्यांच्याकडे ठेवा, आणि निघताना त्यांनी घनसाळ तांदळाची पिशवी दिली तर नको म्हणू नका.