न्यू जर्सीत नवीन आलात? मग ड्रायव्हिंग लायसनची भानगड समजून घ्या

एडिसन-इसेलिनकडे राहायला आलात की कुठल्यातरी पॉटलकमध्ये हा विषय निघणारच, "इल्लीगल लोकांनाही लायसन देतात, मग आपणच एवढे कागद का गोळा करायचे?" लगेच मान डोलवू नका, यात तुमचंही काम अडकलेलं असतं.

झालं असं की डिसेंबर २०१९ मध्ये गव्हर्नर मर्फींनी कायद्यावर सही केली, कोविडमध्ये तारीख पुढे गेली आणि १ मे २०२१ पासून इथे स्टँडर्ड लायसनसाठी इमिग्रेशन स्टेटस (म्हणजे इथे कायदेशीर राहायची परवानगी) दाखवावं लागत नाही. ओळखीचे कागद, पत्त्याचा पुरावा, लेखी परीक्षा आणि बहुतेकांना रोड टेस्ट हे सगळं द्यावं लागतं हां, फुकट कोणी काही वाटत नाहीये. दुसरा प्रकार रिअल आयडी, म्हणजे केंद्र सरकारच्या निकषांत बसणारं कार्ड, त्याला स्टेटसचे कागद लागतात आणि एच-वनवाल्यांचं (नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांचं) ते आय-९४ च्या, म्हणजे इथे कधीपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या नोंदीच्या, तारखेला संपतं. स्टँडर्ड कार्डावर 'नॉट फॉर रिअल आयडी पर्पजेस' दिसलं म्हणून दचकू नका, कितीतरी सिटिझन लोकही तेच घेतात. मे २०२५ पासून विमानासाठी नुसतं ते पुरत नाही, पण आपला भारतीय पासपोर्ट चालतो.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, नियम मोडणाऱ्याला बक्षीस कशाला. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळणाऱ्याला हे झोंबतं, मलाही झोंबायचं. पण कागद नसलेल्यांना लायसन नाकारून आपली रांग एक दिवसानेही कमी होत नाही. आणि इथे गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही, लोक गाडी चालवणारच, मग टेस्ट पास झालेला, इन्शुरन्स असलेला माणूस समोरून आलेला बरा की नाही? शिवाय 'ते' म्हणजे कोणी परकेच असं समजू नका, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अमृतसरला लष्करी विमानातून परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत ३ महाराष्ट्राचे होते. एच-वनवरचा जॉब गेला आणि ६० दिवसांत काही जमलं नाही की स्टेटस जायला वेळ लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, लायसन काढताना मतदार नोंदणीचं विचारतात तिथे स्पष्ट नाही म्हणा, घाईत टिक करू नका. 'मी सिटिझन आहे' अशी चुकून सही झाली तर पुढे ग्रीन कार्डच काय, इथे राहणंही अवघड होऊन बसतं. या एका गोष्टीपुढे बाकीचा वाद गेला खड्ड्यात.

आणि राज्य बदललं की नियम बदलतो. न्यूयॉर्कच्या अशाच, स्टेटस न विचारता लायसन देणाऱ्या ग्रीन लाइट कायद्यावर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये केस टाकली, तर फ्लोरिडाने २०२३ मध्येच ठरवलं की बाहेरच्या राज्यांनी अनडॉक्युमेंटेड (स्टेटसचे कागद नसलेल्या) लोकांसाठी काढलेली खास लायसनं तिकडे चालणार नाहीत. तुमच्या लायसनला तो नियम लागत नाही, तरी मुलांना घेऊन डिस्नीला जाऊन तिकडे गाडी भाड्याने घेणार असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ ची प्रिंट जवळ ठेवा, हॉटेलच्या बॅगेत नको.