चीनची विद्यार्थी सहल: निघण्यापूर्वीची तयारी आणि तिथले वागणे

विद्यार्थ्यांचा गट चीनला नेताना बहुतेक आयोजक चॉपस्टिक कशा धराव्यात आणि अभिवादन कसे करावे यांच्या सूचना छापून वाटतात. प्रत्यक्षात गटाची पहिली दमछाक होते ती पैसे देताना, रस्ता शोधताना आणि रेल्वे स्थानकाच्या दारात. तेथील माणसे परदेशी पाहुण्याची शिष्टाचारातील चूक सहज पोटात घालतात. तिकिटावर चुकलेला पासपोर्ट क्रमांक मात्र तपासणीचे फाटक पोटात घालत नाही. म्हणून निघण्यापूर्वीचा बहुतेक वेळ फोन आणि कागदपत्रांसाठी ठेवावा, आणि रीतिरिवाजांपैकी मोजकेच पण नेमके शिकवावे.

चीनमधील इंटरनेटवर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब चालत नाहीत. आपल्या देशातील कंपनीचे रोमिंग घेतले तर ही अ‍ॅप सहसा चालतात, परंतु हॉटेलच्या वाय-फायवर तोच फोन जोडताच ती बंद पडतात, आणि रात्री मुलांशी बोलणे न झाल्यामुळे घाबरलेले पालक शिक्षकांना फोन करू लागतात. पालकांना याची कल्पना आधीच द्यावी. गटाच्या संपर्कासाठी वीचॅट हे चिनी संदेश-अ‍ॅप घ्यावे, आणि त्याचे खाते घरूनच उघडावे, कारण नोंदणीच्या वेळी कधीकधी जुन्या वापरकर्त्याकडून पडताळणी मागितली जाते. भाषांतराचे अ‍ॅप घेताना चिनी भाषा फोनमध्ये उतरवून ठेवावी, म्हणजे नेटवर्क नसतानाही फलक आणि मेनूकार्ड वाचता येतात.

पैशांचा व्यवहार जवळजवळ सर्वत्र क्यूआर कोडने होतो. अलीपे किंवा वीचॅट पे या पैसे देण्याच्या अ‍ॅपना परदेशी कार्ड जोडता येते. 200 युआनपर्यंतच्या व्यवहारावर वेगळे शुल्क लागत नाही, त्यापुढे 3 टक्के लागते. ज्या विद्यार्थ्यांकडे स्वतःचे कार्ड नाही त्यांना लहान रकमेच्या नोटा द्याव्यात. रोख रक्कम नाकारण्याची दुकानदारांना मुभा नाही, पण 100 युआनच्या नोटेचे सुटे मिळेलच असे नाही.

पासपोर्टचे काम येथे केवळ विमानतळापुरते नसते. रेल्वेचे तिकीट पासपोर्टशी जोडलेले असते, मोठ्या स्थळांचे प्रवेशही नावानिशी आरक्षित करावे लागतात आणि हॉटेलमध्ये मूळ पासपोर्ट दाखवूनच पोलिसांकडे नोंद होते. एखाद्या कुटुंबात मुक्काम असेल तर हीच नोंद 24 तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे करावी लागते. सर्व पासपोर्ट गटप्रमुखाने स्वतःकडे ठेवण्याची पद्धत सुरक्षित वाटते खरी, पण ज्या फाटकावर प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी होते तिथे तीच पद्धत गोंधळ माजवते. त्यामुळे पासपोर्ट ज्याचा त्याने अंगावरील पिशवीत ठेवावा आणि प्रमुखाने सर्वांच्या प्रती बाळगाव्यात. देशांतर्गत विमानप्रवास असेल तर पॉवर बँकही तपासावी, कारण जून 2025 पासून 3सी हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक तिथल्या देशांतर्गत विमानात नेता येत नाही.

तारखा ठरवताना ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मे महिन्याची सुरुवात आणि वसंतोत्सवाचा, म्हणजे चिनी नववर्षाचा, काळ टाळावा. या दिवसांत अवघा चीन प्रवासाला निघालेला असतो. बीजिंगमधील निषिद्ध नगरी, म्हणजे सम्राटांचा जुना राजमहाल, सोमवारी, सरकारी सुट्टी नसेल तर, बंद असते, आणि तिचे आरक्षण 7 दिवस आधी खुले होते. दक्षिणेच्या वूमन दरवाजातून आत जायचे आणि उत्तरेच्या शेनवूमन दरवाजातून बाहेर पडायचे अशी तिथली व्यवस्था असल्यामुळे, चुकलेल्यांना भेटण्याची जागा उत्तरेलाच ठरवावी. समोरच्या जिंगशान टेकडीवर चढल्यावर महालाची सगळी छपरे एका नजरेत येतात, म्हणून तेवढा वेळ आणि तेवढे त्राण शिल्लक ठेवावे. चीनच्या भिंतीसाठी बादालिंगपेक्षा मुतिआन्यूचा भाग गटाला बरा पडतो, कारण तिथे गर्दी कमी असते आणि दमलेल्यांसाठी केबल कारही आहे. शिआनजवळ पहिल्या चिनी सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेले मातीचे सैनिक पाहताना आधी लहान खंदक पाहून भव्य असा पहिला खंदक शेवटी ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास पुढचे दोन फिके वाटतात. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना 1974 मध्ये ही फौज सापडली, हे विद्यार्थ्यांना आत शिरण्यापूर्वीच सांगावे.

बीजिंग ते शांघाय हे 1,318 किलोमीटरचे अंतर अतिवेगवान गाडी साधारण साडेचार तासांत कापते. मात्र स्थानकावर सामानाची तपासणी होते आणि फलाटाकडे जाणारे फाटक गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी बंद होते, त्यामुळे गटाने किमान तासभर आधी पोहोचावे. पासपोर्टधारकांना अनेकदा कर्मचारी असलेल्या फाटकातूनच जावे लागते.

जुळवून घेण्याची खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर होते. दुपारचे जेवण बाराच्या आसपास आणि रात्रीचे सहाच्या सुमारास होते, त्यामुळे रात्री नऊ वाजता भूक लागणाऱ्या मुलांच्या पिशवीत काही कोरडे खाणे असू द्यावे. पिण्यासाठी गरम पाणी देण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. नळाचे पाणी पिऊ नये, परंतु रेल्वेगाड्यांत आणि स्थानकांवर उकळते पाणी मोफत मिळते, म्हणून प्रत्येकाकडे उष्णता सहन करणारी बाटली हवी. पदार्थ टेबलाच्या मध्यभागी येतात आणि सर्वांनी त्यांतून थोडे थोडे घ्यायचे असते. यजमानाने सुरुवात करेपर्यंत थांबावे. ताटली रिकामी दिसली की यजमान ती पुन्हा भरतो, म्हणून पोट भरले असेल तर थोडे शिल्लक ठेवावे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत, कारण मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांशी त्याचे साम्य दिसते. शुभेच्छांसाठी पेला उंचावला गेला तर विद्यार्थ्यांनी चहा किंवा सरबताचा पेला उचलावा आणि तो वडीलधाऱ्यांच्या पेल्याला भिडवताना किंचित खाली धरावा. टीप ठेवण्याची प्रथा नाही.

शाकाहारी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, तिच्यात कालवांचा सॉस असू शकतो, आणि टोफूच्या प्रसिद्ध मापो प्रकारात खिमा असतो. काय चालते आणि काय चालत नाही, रस्सा आणि तेल यांसह, याची चिनी लिपीतील चिठ्ठी प्रत्येकाजवळ असावी. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी भोजनालये हा सर्वांत निर्धास्त पर्याय आहे. अंडे चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी जवळजवळ कुठेही मिळते.

एखाद्या विद्यापीठाला भेट असेल तर दुपारी बारा ते दोन ही वेळ मागू नये, कारण ती जेवणाची आणि विश्रांतीची असते. चिनी नावात आडनाव आधी येते, आणि शिक्षकांना आडनावानंतर ‘लाओशी’ (शिक्षक) जोडून संबोधतात. भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी. ती समोर लगेच उघडली गेली नाही तर वाईट वाटून घेऊ नये. चारचौघांत कोणाची चूक दाखवणे फार लागते, त्यामुळे स्थानिक मार्गदर्शकाकडून काही चुकले तर त्याला बाजूला घेऊन सांगावे. नकारही सहसा थेट मिळत नाही. ‘थोडे अवघड आहे’ किंवा ‘पाहूया’ याचा अर्थ बहुधा नाही असाच असतो. हो-नाहीचे प्रश्न विचारण्याऐवजी ‘सकाळी सोयीचे की दुपारी’ असे पर्याय दिल्यास खरे उत्तर लवकर कळते. तैवान, तिबेट किंवा सीमाप्रश्न यांवर वाद घालू नये, आणि सैनिक व पोलीस यांची छायाचित्रे काढू नयेत.

रस्त्यात अनोळखी माणसे सोबत फोटो काढण्याची विनंती करतात, कधी न विचारताच काढतात. हसून हो म्हणणे किंवा हात हलवून नको म्हणणे, दोन्ही चालते. सार्वजनिक स्वच्छतागृहांत कागद असेलच असे नाही, तेव्हा तो जवळ ठेवावा. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचे नाव आणि पत्ता चिनी लिपीत असलेले कार्ड हवे, आणि त्यामागे पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 120, अग्निशमनासाठी 119 व व्हिसा-पासपोर्टच्या अडचणींसाठी 12367 हे क्रमांक लिहिलेले असावेत. यांतील शेवटच्या क्रमांकावर इंग्रजीतही बोलता येते.