बुग्यालवर जाताय? मग घड्याळ बघून चाला

उत्तराखंडात झाडी संपली की वर जी गवताळ कुरणं लागतात त्यांना बुग्याल म्हणतात, दयारा, अली, बेदनी ही त्यातली नावाजलेली, सगळी ३३०० मीटरच्या आसपास किंवा वर. फोटो बघून वाटतं काय, मस्त हिरवळीवर फिरायचंय. चालायला सोपं आहेही, पण वर आडोशाला एक झाड नाही, ही गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही.

तिथलं हवामान बिघडतं ते बहुतेक दुपारी. सकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ, मग ऊन चढलं की उतार तापतात, दरीतली दमट हवा वर सरकायला लागते आणि वर जाऊन गार पडली की तिचेच ढग होतात. त्यामुळे पहाटे निघा, आणि बारा-एकपर्यंत परत झाडीच्या दिशेने उतरायला लागा, टॉप राहिला तर राहिला. २०१८ मध्ये हायकोर्टाने बुग्यालवर रात्री मुक्कामाला बंदी घातली, म्हणजे टेंट खालीच लावायचा आणि जाऊन-येऊन सगळं एका दिवसात, तेव्हा उशिरा उठणं परवडत नाही.

इशारा मिळतो हां, पण लक्ष पाहिजे. चालता चालता मानेवर अचानक गार झुळूक लागते, खालच्या दरीतून पांढरा धूर चढल्यासारखा दिसतो. मी एकदा हे बघूनही फोटो काढत बसलो, दहा मिनिटांत गारा, आणि पोंचो (अंगावरून घ्यायचा सैल रेनकोट) सॅकच्या अगदी तळाशी 🤦 तो काढायला सगळं सामान गवतावर ओतलं, तेही भिजलं. पोंचो आणि गरम थर कायम सगळ्यात वर ठेवा, हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा डिग्रीने उतरतं आणि भिजलेल्या अंगाला वारा लागला की त्याहून जास्त गार वाटतं.

वीज चमकली की सेकंद मोजा, आवाजाला १ किमी यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे ३० च्या आत गडगडलं तर वीज १० किमीच्या आत आहे. लगेच धारेवरून (डोंगराच्या कण्यावरून) खाली उतरा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, ग्रुप असेल तर एकमेकांपासून लांब व्हा, काठ्या बाजूला टाका. उतरायला वेळच नसेल तर सॅकवर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर जायचं नाही.

धुकं मात्र विजेपेक्षा जास्त लोकांना चकवतं असं माझं मत. बुग्यालवर मेंढ्यांच्या वाटा एकीला लागून एक अशा दहा असतात, सगळ्या खऱ्या वाटतात, आणि त्यातली एखादी सरळ कड्यावर जाऊन संपते. चढतानाच अधूनमधून मागे वळून बघा, मोठा दगड, एखादी छानी (गुराख्यांची झोपडी), ओढा, काहीतरी लक्षात ठेवा. ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करा, फोन आतल्या खिशात ठेवा कारण थंडीत बॅटरी फटकन बसते. काहीच दिसेना तर थांबा, पंधरा-वीस मिनिटांत बरेचदा फट पडते.

आणि हो, ओल्या गवतावरून शॉर्टकट मारू नका, साबणासारखं निसरडं होतं, शिवाय बुटांनी एकदा चर पडला की पावसाचं पाणी तिथूनच माती घेऊन जातं.