कांदा-लसणाचे फुलकिडे: आधी पोंगा उघडा

कांद्याच्या पातीवर चंदेरी चट्टे पडले, शेंडे वाळून मुरडायला लागले की बरेच जण पाणी कमी पडलं समजून नळी सोडतात. त्याआधी मधली दोन पानं हलक्या हाताने फाकवून पोंग्यात बघा. पिवळसर, मिलिमीटरभराचे किडे तुरुतुरु पळताना दिसतील, आजूबाजूला त्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके. हे फुलकिडे. दिसत नसतील तर पात पांढऱ्या कागदावर झटका.

पानं खरवडून ते रस पितात आणि त्याच जखमांमधून पुढे करपा हा बुरशीचा रोग शिरतो. कोरडी, उबदार हवा त्यांना मानवते. आमच्याकडे नाशकात रब्बीच्या कांद्यावर जानेवारीपासून जोर धरतात, म्हणून तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी मी पोंगे बघते.

थोडेच असतील तर सकाळी पाण्याची जोरदार फवार थेट पोंग्यात मारा. पावसाने किडे धुऊन जातात, तेच आपण करायचं. रोज मात्र नको. पात सतत ओली राहिली की करप्याला आमंत्रणच.

वाढले तर निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळीची भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची आणि सौम्य साबणाचे चार थेंब घालायचे. साबण विसरू नका. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी ओघळून जातं. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंडी पानाच्या आत असतात आणि कोष मातीत. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा.

निळे चिकट सापळे लावा, पण ते अंदाज घ्यायला. त्यांनी कीड आटोक्यात येईल ही आशा नको. वाफ्याभोवती मका लावायचा उपाय राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय सुचवतं. लागवडीच्या महिनाभर आधी पेरलात तरच त्याचा आडोसा होतो. युरियाचा हात आखडता ठेवा, लुसलुशीत पात किड्यांनाही आवडते.

लसणाची पानं मात्र नीट न उलगडता एकमेकांत अडकून वेटोळी होत असतील, कडा पिवळ्या पडत असतील, तर ती कोळी नावाची बारीक कीड आहे. ती डोळ्यांना दिसत नाही आणि बहुधा लावलेल्या पाकळीबरोबरच आलेली असते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा, कडक उन्हात नको, आणि नीम तेल नुकतंच मारलं असेल तर दोन आठवडे थांबा, नाहीतर पात भाजते. त्या गड्ड्याच्या पाकळ्या पुढच्या वर्षी बियाण्याला ठेवू नका, फोडणीला वापरा.